नाचरी मशीन आणि नवशिका मिस्त्री

सर्वप्रथम अभिनंदन. आपली वॉशिंग मशीन कपडे पिळताना धडधडते, थरथरते आणि पाच मिनिटं संपेपर्यंत भिंतीपासून वीतभर पुढे चालत येते, याचा अर्थ तिची मोटार ठणठणीत आहे. मोटार जळालेली मशीन कुणाच्या घरात फिरायला निघाल्याचं ऐकिवात नाही.

ही मार्गदर्शिका निमगाव सावा आणि पंचक्रोशीतल्या, म्हणजे बेल्हे, साकोरी, मंगरूळ, पारगाव या अंगाच्या नवशिक्यांसाठी आहे. मशीनबरोबर कंपनीचं माहितीपुस्तक येतं हे मान्य. पण ते सुरुवातीलाच मशीन सपाट, टणक आणि कोरड्या जागी ठेवायला सांगतं, आणि हे तिन्ही गुण एकत्र असलेली जागा आपल्याकडच्या घरात बहुधा देवघर असते. तिथे मशीन ठेवायचा विषय काढून पाहा. आजी काय म्हणतील ते इथे छापता येणार नाही.

त्यामुळे मशीन पडवीत असते, ओट्यावर असते, मोरीला खेटून असते, नाहीतर गोठ्याकडे जाणाऱ्या बोळात असते. कपडेही पुस्तकातल्या चित्रासारखे नसतात. चित्रात एक गुलाबी टी-शर्ट आणि दोन रुमाल. इथे उसाला पाणी भरून आलेली पॅन्ट, कांदाकाढणीला डोक्याला बांधलेली ओढणी, आजींचं नऊवारी, शाळेचा गणवेश, आणि सगळं भरून झाल्यावर 'एवढी एक बसते का बघ' म्हणून वरून कोंबलेली चादर. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनच्या जाहिराती दूरदर्शनवर लागायच्या त्या काळापासून आपण मशीन कपडे धुताना पाहत आलो. जाहिरातीतल्या मशीनला कुणी चादर घातली नाही, म्हणून ती हादरलीही नाही.

साहित्य: एक परात, पाण्याची एक पारदर्शक बाटली, १० नंबरचा पाना, फुली स्क्रू ड्रायव्हर, बॅटरी, मोबाइल, आणि गावात ओळखीचा एक गवंडी. पक्कड घरात असल्यास आधी लपवून ठेवावी. ज्याच्या हाताला पक्कड लागते तो काहीतरी पिरगाळल्याशिवाय परत देत नाही.

पायरी पहिली: गर्दी हटवा

धडधड सुरू झाली की मशीनच्या आधी माणसं गोळा होतात. नाना म्हणतात, "बेअरिंग गेलं, सांगून ठेवतो." नानांनी विहिरीवरची पाच एचपीची मोटार दोनदा भरून आणली आहे आणि त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक फिरणाऱ्या वस्तूचं एक तर बेअरिंग जातं नाहीतर वाइंडिंग. ट्रॅक्टर चालवणारा पुतण्या म्हणतो, स्प्रिंग. ओळखीतला वायरमन फोनवरूनच कपॅसिटर बदलायला सांगतो. शेजारचे तात्या कंपनीलाच नावं ठेवतात आणि आपल्या घरची मशीन किती गरीब आहे याचं वर्णन करतात. प्रत्येक जण आपल्या ओळखीचा आजार सांगतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान असते: त्यांच्यापैकी एकानेही त्या मशीनमध्ये कधी कपडे घातलेले नसतात.

कपडे घालणारी व्यक्ती, म्हणजे वहिनी, मागे दारात उभी असते. "नाना, चादर एका अंगाला गेलीय," असं ती दोनदा म्हणालेली असते. पण तोवर मागचं कव्हर उघडायला स्क्रू ड्रायव्हर आणायला पोरगं धावलेलं असतं.

नवशिक्या मिस्त्रीने इथे पहिलं कौशल्य दाखवावं. बाकीच्यांना चहाला बसवावं आणि वहिनींना तीन प्रश्न विचारावेत. मशीन पहिल्यापासून हादरते की अलीकडे? आज आत काय होतं? सुरू होताना हादरते, थांबताना, की मधला सगळा वेळ? उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं. आमचा ठाम सल्ला असा की संशयाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा: आधी कपडे, मग जमीन, मग लाइट, आणि सगळ्यात शेवटी मशीन. गावात हा क्रम नेमका उलटा असतो. म्हणूनच गावातल्या अर्ध्या मशीनींची मागची कव्हरं एका स्क्रूवर लटकत असतात.

नारायणगाव आपल्याला जवळ. विठाबाई भाऊ मांग यांचं गाव, तमाशाची पंढरी. हंगामात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला तिथे जातात. नाच पाहायची हौस असेल तर ती तिथे भागवावी. मशीन पिळायला आणलेली आहे. ती नाचत असताना भोवती कडं करून उभं राहू नये, आणि तिला थोपवायला तिच्यावर पोरगं बसवू नये. हे लिहायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं, पण बसवतात.

पायरी दुसरी: हिशेब समजून घ्या

हा भाग जरा शाळेसारखा आहे, पण याच्याशिवाय पुढचं सगळं ठोकून पाहण्याच्या वर्गात जातं.

दोन टबांच्या सेमी ऑटोमॅटिक मशीनमधला लहान टब, ज्याला आपण ड्रायर म्हणतो, तो मिनिटाला साधारण १४०० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला तेवीस. समजा टबच्या मधोमध असलेल्या दांड्यापासून १२ सेंटिमीटरवर, एका बाजूला, अर्धा किलो ओलं कापड जास्तीचं बसलं आणि समोरच्या बाजूला त्याला जोड नाही. त्या वेगाला तो अर्धा किलो टबला बाहेरच्या दिशेने सुमारे १३० किलोच्या जोराने ओढतो. कांद्याच्या पन्नास किलोच्या गोण्यांत मोजलं तर अडीच गोण्या. ही ओढ एकाच दिशेला राहिली असती तर मशीन एकदाची कलंडली असती आणि विषय संपला असता. ती टबबरोबर गोल फिरते, सेकंदाला तेवीस वेळा. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. नानांना हा हिशेब सांगून पाहा. बेअरिंगचा आग्रह ते सोडणार नाहीत, पण चहा संपेपर्यंत गप्प राहतील.

दुसरी गोष्ट. ड्रायरचा टब मोटारीवर बसवलेला असतो आणि ती मोटार खाली तीन स्प्रिंगांवर उभी असते. स्प्रिंगवर ठेवलेल्या कुठल्याही वस्तूला डोलायची स्वतःची एक लय असते. टबचा वेग वाढत जाताना एका क्षणी तो त्या लयीशी जुळतो आणि तेवढ्यापुरती मशीन सगळ्यात जास्त हादरते. वेग त्याच्या पुढे गेला की ती आपोआप शांत होते. थांबताना त्याच लयीतून परत यावं लागतं, म्हणून शेवटी पुन्हा दोन-चार हिसके बसतात. सुरुवातीचे आणि शेवटचे हे हिसके रोग नव्हेत. मधल्या वेळेत, पूर्ण वेगात असताना धडधड चालू राहिली तर पुढे वाचा. नसेल तर मार्गदर्शिका इथेच बंद करून चहाला जा. नाना वाट पाहत आहेत.

पायरी तिसरी: कपडे

मशीन बंद करा. झाकण उघडा. झाकण उघडताच आतला ब्रेक लागतो आणि टब काही सेकंदांत थांबतो. थांबला नाही तर ब्रेकची तार सुटलेली किंवा ढिली आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. फिरत्या टबमध्ये 'एक मिनिट' म्हणून हात घालू नये. ओढणी, पदर, बांगड्या या तीन गोष्टी तर टबच्या आसपासही नकोत.

आता सगळे कपडे बाहेर काढा आणि मशीन रिकामी चालवा. ही सगळ्यात मोलाची चाचणी आहे, आणि फुकट असल्यामुळे ती कुणी करत नाही. रिकामी मशीन शांत फिरली तर मशीन निर्दोष आहे, जमीनही बहुधा ठीक आहे, दोष भरण्यात आहे. कव्हर उघडू नका. स्क्रू ड्रायव्हर पोराच्या हातातून काढून घ्या.

भरायचं कसं, तर धुवायच्या टबमधले सगळे कपडे एका फेरीत ड्रायरमध्ये जात नाहीत हे आधी मान्य करायचं. ड्रायर लहानच असतो. दोन फेऱ्या करा. जड कपडे तळाला, हलके वर. एकेक कपडा टबच्या कडेने गोल लावत जायचा आणि मध्ये मोकळी जागा राहू द्यायची. मुठीने बोळा करून टाकलेली पॅन्ट जिथे पडते तिथेच राहते, आणि मग अडीच गोण्यांचा हिशेब सुरू होतो. नऊवारी हे या बाबतीत सगळ्यात समजूतदार वस्त्र आहे. चांगलं आठ-साडेआठ मीटर लांब असल्यामुळे कडेने गोल गोल घालत गेलं की आपोआप सारखं बसतं. आजींच्या लुगड्याने मशीन हादरली असं कुणी सांगितलं तर समजावं की ते घडी घालून ठेवलं होतं. आणि घडी नानांनी घातली होती.

खरा शत्रू म्हणजे एकटी जड वस्तू. जीनची पॅन्ट, मोठा टॉवेल, एकच चादर. तिला जोडीदार द्यायचा. एका बाजूला चादर गेली तर समोर दोन टॉवेल. पायपुसणं, त्यातही मागे रबर लावलेलं, ड्रायरमध्ये घालूच नका. पाणी रबरातून बाहेर पडत नाही, अडकून राहतं आणि एका क्षणी सगळं एकाच बाजूला जमतं. पावसाळी जॅकेट आणि फवारणीचं प्लॅस्टिकचं कापड यांचंही तेच. फवारणीच्या कपड्यांबद्दल वेगळंच सांगायचं आहे: ते घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. ती बाब हादरण्याची नाही, पोटात जाणाऱ्या औषधाची आहे.

गोधडीबद्दल प्रश्न येणारच. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर आणि सगळ्या अंगभर टाके अशी गोधडी भिजली की कोरडीच्या कितीतरी पट जड होते. ड्रायरमध्ये ती सारखी बसत नाही, बसवताही येत नाही. तिला दोघांनी दोन टोकं धरून पिळावं, नाहीतर ओट्याच्या कठड्यावर टाकून निथळू द्यावं. मशीनची जाहिरात काहीही म्हणो.

कपडे भरून झाले की वर प्लॅस्टिकची जाळीदार चकती दाबून बसवायची असते. ती तुमच्याकडे नाही. कधीच सापडत नाही. कुंडीखाली बघा, कोंबडीच्या खुराड्याच्या तोंडाशी बघा. तिचं काम कपडे दाबून ठेवायचं असतं. ती नसली की लहान मोजा, रुमाल, बाळाचं टोपडं वेगात वर सरकतं, टबच्या काठावरून पलीकडे पडतं आणि फिरता टब व बाहेरचा टब यांच्या फटीत अडकतं. तिथून खडखड, घासल्याचा आवाज आणि जळकट वास. चकती हरवली असेल तर नवी आणा. या संपूर्ण मार्गदर्शिकेतली ही सगळ्यात स्वस्त खरेदी आहे.

पायरी चौथी: जमीन

रिकामी मशीनसुद्धा हादरते? मग खाली बघा.

आपल्याकडचा गवंडी पडवीचा कोबा किंवा मोरीची फरशी कधीही सपाट करत नाही. तो ढाळ देतो, म्हणजे सांडलेलं पाणी आपणहून नळीकडे जावं. यात त्याची चूक काही नाही. उलट ज्याने ढाळ दिला नाही त्याला गावात पुन्हा कुणी काम देत नाही. घर पाण्यासाठी बांधलेलं असतं आणि मशीन नेमकी तिथेच ठेवली जाते जिथे ढाळ सगळ्यात जास्त, कारण मशीनचं पाणीही त्याच नळीला सोडायचं असतं. म्हणजे फरशी बरोबर आहे, मशीन बरोबर आहे, आणि दोघींचं जमत नाही. निमगावातल्या बऱ्याचशा हादरणाऱ्या मशीनी या एका वाक्यात बसतात.

त्यात काही घरांखाली काळी जमीन. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा कोबाही वर्षभरात थोडा वरखाली होतो. मे महिन्यात अगदी लेव्हलला लावलेली मशीन ऑगस्टमध्ये धडधडू लागली, तर कुणी मशीनला नजर लावली असं समजू नये.

तपासणी अशी. मशीनचे समोरासमोरचे दोन कोपरे दोन तळहातांनी आळीपाळीने दाबा. डुगडुगली तर एक पाय अधांतरी आहे. मग उरलेले दोन कोपरे. त्यानंतर लेव्हल. गवंड्याची पाणसळ मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर पारदर्शक बाटली जवळजवळ काठोकाठ भरून मशीनवर आडवी ठेवा, थोडी हवा राहू द्या. बुडबुडा ज्या टोकाला पळतो ती बाजू उंच. बाटली उलटसुलट करून पुन्हा बघा, म्हणजे बाटलीचाच दोष असेल तर कळेल. मोबाइलमध्येही लेव्हल दाखवायची सोय असते, पण मोबाइलच्या पाठीला कॅमेऱ्याचं टेंगूळ असतं आणि तो उताणा ठेवला की मान तिरकीच करतो. परात यासाठीच आणायला सांगितली होती: परातीत दोन पेले पाणी ओतून ती मशीनवर ठेवायची आणि पाणी कुठल्या काठाशी खोल आहे ते बघायचं. तुमच्या आजोबांना या सगळ्या यंत्रांतलं फक्त हेच पटेल.

पूर्ण ऑटोमॅटिक मशीनचे पाय फिरवून कमीजास्त करता येतात. पाय बसला की त्याच्यावरची चाकी मशीनच्या अंगाला घट्ट आवळायची, नाहीतर आठ दिवसांत हादऱ्याने तो परत फिरतो. सेमी ऑटोमॅटिकला बहुतेक एकच पाय फिरतो, कधी तोही नाही. तेव्हा खाली काहीतरी द्यावं लागतं, आणि इथे गावाची कल्पकता उफाळून येते. विटेचा तुकडा, पंचांग, पत्त्यांचा कॅट, सुपारी. यातली प्रत्येक वस्तू पहिल्या दिवशी काम करते. वीट हादऱ्याने झिजते, पंचांग भिजतं. लाकडी पाचर ओली होऊन फुगते आणि मशीन दुसऱ्या बाजूला कलते. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चारही पायांखाली घातले तर मशीन चालत पुढे येणं थांबतं, यात शंका नाही. पण तेवढंच. हादरणं तसंच राहतं, फक्त आता ती एका जागी उभी राहून हादरते. एकाच पायाखाली जाड रबर घालणं तर सगळ्यात वाईट.

चाकांचा स्टँड घ्यावा का, असं दुकानदार विचारतील. घेऊ नये. चाकाचं काम पुढे जाणं आहे आणि आपल्याला नेमकं तेच थांबवायचं आहे.

यावर एकच उपाय टिकतो. गवंड्याला बोलवा आणि मोरीच्या बाजूला मशीनपुरता दोन-अडीच इंच उंचीचा चौथरा पाणसळीत करून घ्या. चार घमेली माल, एक शहाबादी फरशी, अर्धा दिवस. भोवतीच्या जमिनीला ढाळ राहू द्या, फक्त मशीनच्या पायाखालचा भाग सपाट. माल सात दिवस पाणी मारून पक्का होऊ द्यायचा. तोवर कपडे हाताने धुवावेत, आणि शक्य असेल तर ते निदान करणाऱ्या मंडळींनी.

मशीनवर वजन ठेवलं तर? पाटा-वरवंटा ठेवणारी घरं आहेत. पाटा मशीनच्या अंगावर असतो आणि धडधड टबमध्ये, त्यामुळे हादरा तसाच राहतो, शिवाय आता वर पाटा उड्या मारतो. पुढून दार असलेल्या मशीनमध्ये कंपनी स्वतः काँक्रीटचा ठोकळा घालते, तो टबलाच बांधलेला असतो म्हणून उपयोगी पडतो. गंमत अशी की हलणं थांबवायचा याच्या बरोबर उलटा उपाय आपल्याच तालुक्यात आहे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या ४५ मीटर व्यासाच्या. एवढा मोठा पसारा वाऱ्यात स्थिर ठेवायचा तर तो किती जड करावा लागेल? गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणली आणि वाऱ्याला आरपार जाऊ दिलं. वजनही वाचलं, पैसाही. आपल्या मशीनमधून धडधड आरपार जाऊ देता येत नाही, हा फरक लक्षात ठेवावा आणि पाटा स्वयंपाकघरात परत न्यावा.

पायरी पाचवी: लाइट

वस्तीवर राहणाऱ्यांनी हा भाग वगळू नये. आजूबाजूचे पंप एकदम सुरू झाले की दाब पडतो हे आपल्याला बल्बवरून कळतं. ड्रायरच्या मोटारीची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते: २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळाले तर ताकद जवळपास निम्मी. मग टब वेग घ्यायला वेळ लावतो आणि मघाशी सांगितलेल्या त्या हिसक्याच्या लयीत रेंगाळत राहतो. जे दोन सेकंदांत संपायचं ते मिनिटभर चालतं. मशीन गूंऽऽ करते, हादरते, पण नीट पिळत नाही. तीच मशीन दुपारी शांत आणि रात्री पंप चालू असताना वेडीपिशी होत असेल तर कारण हेच. नानांची विहिरीवरची मोटार यात सामील असू शकते. त्यांना ते आत्ताच सांगू नका.

रात्री बाहेरच्या ओट्यावर मशीन लावायची वेळ शक्यतो आणू नये. बिबट्याचा तालुका आहे, अंधारात एकट्या बाईमाणसाने कपडे काढायला बाहेर जाण्याची गरज नाही. सकाळी धुवा.

अर्थिंग मात्र आजच बघा. ओली फरशी, पत्र्याचं अंग, उघड्या पायांचं माणूस, हे तिन्ही एकत्र आहेत. हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर 'थोडं करंट मारते' असं म्हणून सोडून देऊ नका. तिसरी पिन कापून टाकलेली असेल तर नवी घाला, जमिनीतलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, आणि करंट गळताच लाइट तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवून घ्या. या एका कामासाठी वायरमन फोनवरून चालणार नाही.

पायरी सहावी: आता मशीन

इतकं करूनही रिकामी मशीन सपाट चौथऱ्यावर, पुऱ्या दाबाला हादरत असेल, तर तुम्हाला स्क्रू ड्रायव्हर उचलायचा अधिकार मिळाला. आधी पिन काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन काढून ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. मोटारीचा कपॅसिटर पिन काढल्यावरही काही वेळ करंट धरून ठेवतो, त्याच्या टोकांना बोट लावू नका.

उघडण्यापूर्वी बॅटरीने वरून आत बघा. फिरता टब बाहेरच्या टबच्या मधोमध आहे का? चारही बाजूंची फट सारखी हवी. एका बाजूला झुकला असेल तर त्या बाजूची स्प्रिंग तुटली आहे, निसटली आहे, नाहीतर दबली आहे. हाताने टब ढकलून सोडा, तो परत मध्ये यायला हवा. स्प्रिंग बदलायची तर तिन्ही बदला. एक नवी आणि दोन म्हाताऱ्या असल्या की टब कायमचा म्हाताऱ्यांकडे कलतो. टब गोल फिरवताना तो लंगडतो, वर-खाली होतो, पण मोटार जागेवर आहे असं दिसलं तर टब आणि मोटार जोडणाऱ्या ब्रेक ड्रमचे स्क्रू ढिले आहेत. १० नंबरचा पाना बहुधा इथे लागतो. चरचर असा आवाज येत असेल तर ब्रेक पूर्ण सुटत नाही, झाकणाची तार तपासा. घरघर, आणि टबखाली पाणी पाझरतंय, तर नानांचं बेअरिंग. हो, क्वचित नानाही बरोबर असतात. त्यांना हे कळवायचं की नाही हे आपापल्या घरच्या परिस्थितीवर सोपवतो.

खालून उंदीर शिरलेला असू शकतो. सेमी ऑटोमॅटिकचा तळ उघडाच असतो, थंडीत तिथे ऊब मिळते, आणि वायरी, बेल्ट, पाण्याची रबरी नळी हे सगळं त्याला चालतं. तळाला लावायची जाळी मिळते, ती लावून घ्या.

वरून झाकण असलेल्या पूर्ण ऑटोमॅटिकचा टब चार कोपऱ्यांतून चार दांड्यांवर टांगलेला असतो. टब खाली दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर दांडे चांगले, उड्या मारत राहिला तर गेले, आणि इथेही चारही एकदम बदलायचे. पुढून दार असलेली मशीन नवीकोरी असून पहिल्याच दिवशी खोली डोक्यावर घेत असेल तर मागे जा. टेम्पोत टब आपटू नये म्हणून कारखान्यात लावलेले तीन-चार लांब बोल्ट तिथे अजून तसेच असतील. ते काढायचे, भोकांना टोपणं लावायची आणि बोल्ट जपून ठेवायचे, पुढे घर बदलताना लागतात. बोल्ट ठेवून चालवलेल्या मशीनची स्प्रिंग काम करत नाही, सगळा हादरा सरळ अंगात जातो.

याच्यापुढे मिस्त्री. त्याला बोलवाल तेव्हा एक ठरलेली घटना घडेल: तो येईल, मशीन रिकामी चालवेल, आणि ती अजिबात हादरणार नाही. तो तुमच्याकडे बघेल, तुम्ही नानांकडे. त्यासाठी आधीच मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा. मशीन भरण्यापासून सुरुवात करा, आत काय आणि कसं घातलं ते दिसू द्या, मग झाकण, मग पहिल्या फेऱ्यापासून टब पूर्ण थांबेपर्यंत न तोडता. पायांचाही एक व्हिडिओ, मोबाइल जमिनीला टेकवून. आणि काढताना कुणाला बोलू देऊ नका. मिस्त्रीला आवाजावरून दोष ओळखायचा असतो, आणि आम्ही पाहिलेल्या अशा व्हिडिओंत मशीनपेक्षा "बेअरिंग गेलं, सांगून ठेवतो" हेच जास्त स्पष्ट ऐकू येतं.